प्रति: संशय आला की लगेच गोळी सुरू करावी का?

सायकोसिसची, म्हणजे भास-भ्रम होऊन वास्तवाचं भान सुटण्याची, नुसती सुरुवातीची लक्षणं दिसत असताना ‘डोस कमी ठेवला तर ओलान्झापिन (सायकोसिसवरचं औषध) आधीच सुरू करायला काय हरकत आहे, नुकसान तर नाही ना’ हे वरचं मत मला पटत नाही. नेमकं हेच अमेरिका-कॅनडातल्या चार केंद्रांत अशी लक्षणं असलेल्या ६० जणांवर करून पाहिलं गेलं; निष्कर्ष २००६ साली छापून आले. रोज ५ ते १५ मिग्रॅ, वर्षभर. सायकोसिस झालेल्यांचं प्रमाण औषधाच्या गटात १६ टक्के, औषध नसलेली नकली गोळी (प्लासिबो) घेणाऱ्या गटात ३८. आकडा आशा लावणारा, पण माणसं इतकी थोडी की फरक योगायोगाचाही असू शकतो. औषध घेणाऱ्यांचं वजन मात्र सरासरी जवळजवळ ९ किलोंनी वाढलं, आणि औषधाच्या गटातल्या निम्म्याहून अधिक जणांनी अभ्यास मध्येच सोडला. दुसरी बाजूही बघा: औषध न घेतलेल्यांपैकी बहुतेकांना त्या वर्षात सायकोसिस झालाच नाही. कॉलेजच्या वयातल्या मुलासाठी हे ९ किलो किरकोळ नाहीत.

म्हणून ब्रिटनच्या नाइस या आरोग्यसंस्थेच्या मार्गदर्शिकेत या टप्प्यावर अँटिसायकोटिक (ओलान्झापिनसारखं सायकोसिसवरचं औषध) देऊ नये असंच म्हटलंय. आधी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी, बोलण्यातून होणारी उपचारपद्धत), सोबत नैराश्य, चिंता किंवा गांजाची सवय असेल तर तिच्यावर उपचार. डॉक्टरांनी तरीही गोळी लिहिलीच तर सुरू करण्याआधी वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटी साखर आणि लिपिड (रक्तातली चरबी) नोंदवून घ्या. आणि चालू असलेली गोळी हे वाचून एकदम बंद करू नका, डोस डॉक्टरच हळूहळू उतरवतील.