कामावर सदोष शिडीवरून पडून दुखापत: निष्काळजीपणा मालकाचा, उत्पादकाचा की माझा?

नमस्कार. जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

दोन महिन्यांपूर्वी काम करत असताना ॲल्युमिनियमच्या घडीच्या शिडीची चौथी पायरी एका बाजूने निखळली आणि मी खाली पडलो. उजव्या मनगटात प्लेट बसवावी लागली. मूठ अजून पूर्ण वळत नाही. शिडी मालकांनीच कामासाठी दिली होती. नंतर निरखून पाहिले तेव्हा पायरीच्या रिव्हेटचे भोक गोल न राहता लांबट झालेले आणि त्याच्या कडेला काळसर भुकटी साचलेली दिसली, म्हणजे ती पायरी बरेच दिवस हलत असावी.

मालक म्हणतात, शिडी नामांकित उत्पादकाची आहे, दोष घडणीतला आहे, तेव्हा उत्पादकाकडे जा. हा बचाव जुनाच आहे. इंग्लंडमधील डेव्ही विरुद्ध न्यू मर्टन बोर्ड मिल्स या खटल्यात, चुकीच्या उष्णताप्रक्रियेमुळे वाजवीपेक्षा कठीण झालेल्या अवजाराची कपची उडून कामगाराचा डोळा जखमी झाला होता, आणि अवजार चांगल्या पुरवठादाराकडून घेतले म्हणून हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तिथले सर्वोच्च अपील न्यायालय) १९५९ मध्ये मालकाला जबाबदारीतून मोकळे केले. पुढे १९६९ च्या कायद्याने ही पळवाट तिथे बंद झाली: दोष त्रयस्थाच्या चुकीमुळे असला, तरी कामगारापुरता तो मालकाचाच निष्काळजीपणा धरला जातो. जिथे असा स्वतंत्र कायदा नाही, तिथे १९५९ चाच तर्क चालतो का?

मला स्वतःला वाटते की तो निकाल माझ्या प्रकरणाला नीट लागूच होत नाही, कारण तिथला दोष धातूच्या पोटात दडलेला होता आणि इथला नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. वेळोवेळी तपासणी झाली असती तर तो सापडलाच असता, आणि तपासणी न करणे ही मालकांची स्वतःची चूक ठरते. अडचण अशी की हाच मुद्दा माझ्यावरही उलटतो. दोष इतका उघड होता, तर चढण्याआधी तुम्हाला का दिसला नाही, असे त्यांनी आताच विचारले आहे. अशा वेळी भरपाई केवळ माझ्या चुकीच्या प्रमाणात कमी होते, की दावाच फेटाळला जाऊ शकतो?

आणखी एक, आणि हे तातडीचे आहे. मालक ती शिडी ‘दुरुस्तीसाठी’ उत्पादकाकडे पाठवणार आहेत. माझ्याकडे फक्त मोबाइलवर काढलेली छायाचित्रे आहेत. स्वतंत्र तज्ज्ञाची तपासणी होईपर्यंत शिडी आहे तशी जपून ठेवावी, असे मी लेखी कळवले तर पुरेसे आहे का, की न्यायालयाकडूनच तसा आदेश घ्यावा लागेल?