पतसंस्थेतल्या कर्मचाऱ्याला ‘नाही’ म्हणायला शिकवता येतं का?

जमाखर्च:
डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतील. त्यामुळे पतसंस्था आणि नागरी बँकांमध्ये प्रशिक्षणाची लगबग सुरू आहे. लगबग म्हणजे काय, तर दोन तासांचं व्याख्यान, चहा-बिस्किटं, हजेरीपटावर सह्या आणि प्रमाणपत्र. फिशिंग कसं ओळखावं, पासवर्ड कसा असावा. चुकीचं काही नाही त्यात. पण तालुक्याच्या शाखेतून हॅकरपेक्षा जास्त माहिती खातेदाराच्या मेव्हण्याकडे जाते, आणि निवडणुकीच्या तोंडावर संचालकाकडे.

म्हणून शिकवायचंच तर नकार शिकवा. दर सोमवारी शाखा उघडण्याआधी १५ मिनिटं, एकच प्रसंग, दोघांनी करून दाखवायचा. “अरे, त्या अमक्याच्या ठेवी किती आहेत, बघून सांग जरा.” उत्तर पाठ हवं: “साहेब, खातेदाराचा सहीचा अर्ज आला की लगेच काढून देतो.” “नियमात बसत नाही” म्हटलं की समोरचा वाद घालतो. अर्ज मागितला की विषय बहुतेकदा तिथेच मिटतो, कारण कागदावर काही यायला नको असतं. वाक्य तयार नसेल तर जीभ अडखळते आणि बोटं कीबोर्डवर जातात.

लॉगिन_बंद:
साफ असहमत. ज्यांच्या ठरावाने वेतनवाढ मिळते त्यांनाच लिपिकाने नकार द्यायचा, आणि तो सोमवारी पंधरा मिनिटांत शिकायचा? कायद्यातला दंड संस्थेला आहे. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर २५० कोटींपर्यंत. मग काम संस्थेने करावं, लिपिकाच्या धैर्यावर सोडू नये.

लिपिकाच्या लॉगिनला नावावरून शोध बंद करा, खाते क्रमांक टाकला तरच खातं उघडावं. पडद्यावर आधार आणि मोबाइलचे शेवटचे चारच अंक दिसावेत. यूएसबी बंद. आणि मुख्य म्हणजे नुसतं पाहिल्याचीही नोंद हवी. व्यवहार कोणी केला हे सॉफ्टवेअर सांगतं, पण शिल्लक कोणी डोकावून पाहिली हे बऱ्याच ठिकाणी कुठेच राहत नाही. नव्या नियमांप्रमाणे अशा नोंदी वर्षभर ठेवाव्या लागणार आहेत. आपलं पाहणं नोंदलं जातंय हे कळलं की निम्मं कुतूहल आपोआप संपतं.

जमाखर्च:
नावाचा शोध बंद केलात की पासबुक घरी विसरून आलेल्या आजीबाईंचं काय? रांग वाढते, अधिकारी आपला पासवर्ड लिपिकाला सांगून मोकळा होतो. दुपारी तो बैठकीला गेला की त्याच लॉगिनने व्हाउचर पास होतात. तुमच्या नोंदवहीत नाव अधिकाऱ्याचं, बघणारा भलताच. पासवर्ड का द्यायचा नाही, हे शेवटी माणसालाच शिकवावं लागतं ना?

ऑडिट_नोट:
दोघेही पडद्यावरच अडकलात, शाखेतला कागद कोणी बघत नाहीये.

आधारच्या झेरॉक्सवर पहिले आठ अंक मार्करने खोडतात आणि काम झालं समजतात. कागद उजेडात धरा किंवा उलटा करा, अंक दिसतात. खोडलेल्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढायची, तीच केवायसीच्या फाइलला लावायची आणि पहिली फाडायची. स्कॅनवर काळी पट्टी ओढून पीडीएफ केली तर काही वेळा पट्टीखालचं तसंच राहतं. ती प्रतिमा म्हणून सेव्ह करायला शिकवा. जुन्या आधारपत्रांवरच्या क्यूआर कोडमध्ये पूर्ण क्रमांक असायचा, म्हणजे अंक खोडून कोड उघडा ठेवला तर मोबाइलने स्कॅन करणाऱ्याला सगळं मिळतं. कोडही झाकायचा. सगळ्यात सोपं म्हणजे खातेदाराला यूआयडीएआयच्या (आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावरून मास्क केलेलं, म्हणजे शेवटचे चारच अंक दाखवणारं आधार आणायला सांगणं.

आणि ते बिघडलेले झेरॉक्स! पाठकोरा कागद म्हणून त्यांचे चौकोन कापून खिडकीवर ठेवतात. त्यावर हिशोब करून लोक घरी नेतात, मागे कुणाच्या तरी पॅन कार्डाचा अर्धा फोटो. हे कुठलंही सॉफ्टवेअर थांबवणार नाही. झेरॉक्स मशीनशेजारी कागदाचे बारीक तुकडे करणारं श्रेडर ठेवा आणि संध्याकाळी शटर ओढण्यापूर्वी टेबलं रिकामी आहेत का हे शाखाधिकाऱ्याने बघावं. ही सवय लावायला मात्र माणसंच शिकवावी लागतात, एवढ्यापुरतं जमाखर्च यांच्याशी सहमत.

तिसरी_खिडकी:
दुकानोदुकानी फिरून रोजची ठेव गोळा करणारा पिग्मी एजंट कुठे आहे या सगळ्यात? तो पगारी नाही, कमिशनवर, म्हणून हजेरीपटावर त्याचं नावच नसतं. त्याच्या मशीनमध्ये मात्र अख्ख्या बाजारपेठेची नावं आणि शिल्लक. दिवसाचा भरणा व्हॉट्सॲप गटावर नावानिशी टाकायची पद्धत आहे काही ठिकाणी. कोणत्या दुकानदाराने चार दिवस पैसे दिले नाहीत हे गटातल्या सगळ्यांना कळतं. गाव लहान, त्याची उधारी बंद व्हायला वेळ लागत नाही. आधी एजंटला शिकवा.

लॉगिन_बंद:
एजंटचा मुद्दा मान्य. पण त्यालाही व्याख्यान नको, मशीनमध्ये त्या दिवशीच्या फेरीपुरतीच खाती उतरवा. भरणा झाला की पुसून टाका.

संचालकांबद्दल एक मार्ग सुचवतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३२ प्रमाणे सभासदाला हिशोबाच्या वह्यांतला फक्त स्वतःच्या व्यवहारांचा भाग बघता येतो. दुसऱ्याच्या ठेवी बघण्याचा हक्क त्यात नाही. एकट्या संचालकाने फोनवर मागितलेली माहिती संचालक मंडळाच्या कामकाजात येत नाही. हे दोन ओळींत लिहून रोखपालाच्या मागे लावा. लिपिकाने बोट दाखवायचं, बस.

जमाखर्च:
फलक चालेल, पण खाली अध्यक्षांची सही हवी. व्यवस्थापकाच्या सहीला संचालक जुमानत नाहीत. आणि बोट दाखवायचा सराव सोमवारचाच! फोनवर फलक दिसत नाही, तिथे वाक्यच लागतं. “मी मुख्य कार्यालयातून बोलतोय” म्हणणाऱ्याचा फोन ठेवून यादीतल्या नंबरवर आपण उलटा लावायचा, हेही तिथेच.

तिसरी_खिडकी:
सहीसाठी ठराव कुठे मांडणार? संचालक मंडळात मांडलात तर पुढच्या बैठकीवर ढकलतील.

लॉगिन_बंद:
वार्षिक सर्वसाधारण सभेत. ठेवीदार समोर बसलेले असताना “ठेवी गुप्त ठेवू नका” असं कोण म्हणतो बघू.