वर्णद्वेषावरचे विनोदी सिनेमे: गोऱ्यांना हसून आपण सुटतो का?

गंगावेशकर (धागा सुरू करणारा)

गेल्या रविवारी आम्ही पाच जणांनी एकाच्या घरी 'अमेरिकन फिक्शन' बघितला. २०२३ चा सिनेमा, कॉर्ड जेफरसनचा, पर्सिव्हल एव्हरेटच्या कादंबरीवरून काढलेला. माँक नावाचा कृष्णवर्णीय लेखक. त्याची पुस्तकं 'पुरेशी काळी नाहीत' म्हणून परत येतात. मग तो चिडून, टोपणनावानं, बंदुका, ड्रग्ज, टाकून गेलेला बाप असला सगळा मसाला कोंबून मुद्दाम भिकार कादंबरी लिहितो, आणि प्रकाशक साडेसात लाख डॉलर मोजतात. पुढे पुरस्कार समितीत पाच परीक्षक. दोघे कृष्णवर्णीय म्हणतात, हे पुस्तक नको. तिघे गोरे म्हणतात, आता कृष्णवर्णीयांचा आवाज ऐकलाच पाहिजे. आणि समोर बसलेल्या त्या दोघांचं न ऐकता पुस्तक निवडतात! आम्ही लोळायचेच बाकी होतो.

सिनेमा संपला. ज्याच्या घरी होतो त्याच्यासाठी मुली बघणं चालू आहे. मोबाइलवरचा फोटो पुढे करत गडी म्हणाला, "शिकलेली आहे, घर पण चांगलं आहे, खरं रंगानं जरा डावी आहे." बाकीच्यांनी माना डोलावल्या. दहा मिनिटं झाली नव्हती हो.

म्हणून विचारतो. अमेरिकेतल्या गोऱ्याला हसायला आपल्याला काय पडतं? हे सिनेमे बघून आपण फुकटात पुण्यवान होतो, एवढंच माझं म्हणणं.

तालीमवाला

मर्दा, त्यो सिनेमा हाय, साबण न्हवं. बगितला की माणूस धुऊन निगाला, असं कुटं असतंय?

आमच्या आज्यानं तमाशे लई बगितले. सोंगाड्या राजाची, परधानाची फिरकी घ्यायचा आणि गावचा पाटील म्होरंच बसलेला असायचा. पाटलाला तोंडावर बोलायची गावात ती एकच जागा. पाटील सुदारला का न्हाई ते सोड. खरं मागं बसलेल्याला कळायचं की ह्याला बी हसता येतंय.

'ब्लेझिंग सॅडल्स' बग, १९७४ चा, मेल ब्रूक्सचा. गावात काळा शेरीफ येतोय, गाव बंदुका रोखतंय. गडी सोताच्याच डोस्क्याला पिस्तूल लावतोय आणि दम देतोय, कोण हललं तर ह्या काळ्याला उडवीन. आणि गाव भिऊन गप्प! भाषण ठोकून हे कळलं असतं व्हय?

नववी गल्ली

'ब्लेझिंग सॅडल्स' मी पण बघितलो. (हो, मी बाई आहे. कोल्हापुरात आम्ही 'बघितलो'च म्हणतो, पुणेकरांनी दुरुस्त करू नये.) तो लिहिणाऱ्यांत रिचर्ड प्रायर होता. शेरीफ त्यानंच करावा अशी ब्रूक्सची इच्छा होती, स्टुडिओनं नको म्हटलं. म्हणजे सिनेमात जे गाव दाखवलंय, ते ऑफिसातही बसलं होतं.

गंगावेशकर, तुमचा तो मित्र म्हणजेच या सिनेमांचा विषय आहे. जॉर्डन पीलच्या 'गेट आउट'मधला, कृष्णवर्णीय नायकाच्या गोऱ्या मैत्रिणीचा बाप आठवा. ओबामाला तिसऱ्यांदाही मत दिलं असतं म्हणतो आणि तळघरात कृष्णवर्णीयांच्या शरीरात गोऱ्यांचे मेंदू बसवतो. पडद्यावर स्वतःला न ओळखता हसणारा माणूस निघाला, तर त्यात सिनेमा खोटा कुठे पडला?

माझी तक्रार दुसरीच आहे. १९७० चा 'वॉटरमेलन मॅन' घ्या. गोरा विमा एजंट सकाळी उठतो तर काळा झालेला. स्टुडिओला गोऱ्या नटाला काळा रंग फासायचा होता. दिग्दर्शक मेल्विन व्हॅन पीबल्सनं कृष्णवर्णीय गॉडफ्रे केंब्रिजला घेतलं आणि सुरुवातीपुरता पांढरा रंग लावला. 'हे सगळं स्वप्न होतं' असा शेवट करा म्हणाले, तोही केला नाही. आणि आपल्याकडे? २०१९ चा 'बाला'. रंगावरून टोचून बोलणाऱ्यांवरच टीका करणारा सिनेमा, आणि सावळ्या मुलीच्या भूमिकेसाठी भूमी पेडणेकरला मेकअपनं काळवंडलं. सावळी नटी मिळाली नसेल? रंगाचा डबा कुणाच्या हातात आहे ते आधी बघावं, विनोद नंतर.

गंगावेशकर

पाटील सुधारला का ते सोड, असं कसं? मुद्दा तोच आहे. कोल्हापुरात बदल हसून झाला नाही, हुकूम काढून झाला. २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्या काय वगनाट्य बघून?

तालीमवाला

आणि गंगाराम कांबळ्याचं हॉटेल? पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेला माणूस. म्हाराजांनी त्याला हॉटेल घालून दिलं. गिऱ्हाईक कोण यीना, तर म्हाराज सोता तिथं च्या प्यायला जायचे आणि संगं असलेल्यांना बी पाजायचे. त्या मंडळींची तोंडं डोळ्यांम्होरं आणा की. गिळता ईना आणि थुकता ईना! ह्याच्यापरास भारी कॉमेडी कुनी केलीया?

गंगावेशकर

हे मान्य. पण तिथे कपबशी महाराजांच्या हातात होती.

शाहूपुरी४

सगळ्यात जात आणायलाच पाहिजे का? वंशद्वेष वेगळा, जात वेगळी. हॉलिवूडवर बोलायला आलो होतो.

नववी गल्ली

वेगळी आहेच. जातीला मेकअप लागत नाही, आडनाव पुरतं.

कवीबिवी

इतका वेळ वाचत होतो. 'अमेरिकन फिक्शन'वर तुम्ही सगळे गोऱ्यांच्या जागी उभं राहून बोललात, कोण हसतो आणि कोण लाजतो. माँकच्या जागेवरून कुणी नाही, म्हणून लिहितो.

मी कविता करतो. मला एप्रिलमध्ये बोलावतात आणि डिसेंबरमध्ये. मधले महिने मोकळा. बाबासाहेबांवर लिहायला मला अडचण नाही, लिहिलंय, मनापासून लिहिलंय. पण एकदा रंकाळ्यावरच्या पावसाची कविता घेऊन गेलो. धोंड्यांवरनं पाणी उडतंय, कणसं भाजणारी बाई छत्री कणसांवर धरून स्वतः भिजतेय, एवढंच त्यात. आयोजक वाचून म्हणाले, "छान आहे, पण तुमच्याकडून जरा धारदार अपेक्षित होतं." शेजारच्या कवीनं पावसावरच वाचली. त्याच्याकडून धार कुणी मागितली नाही.

हे मी घरी सांगितलं तर कुणी हसलं नाही. सिनेमात बघितलं तेव्हा मात्र इतका हसलो की बायको आतून बघायला आली. त्या हसण्यानं आयोजक बदलले नाहीत, गंगावेशकर, बरोबर आहे तुमचं. पण तो सिनेमा त्यांच्यासाठी होता असं तुम्ही का धरून चाललात?

आणि सगळं हसण्यावारी न्यायचं नसतं हेही आहे. 'फँड्री'त जब्याच्या घरचे डुकरं धरताना अख्खं गाव बसून हसतं. जब्याचा शेवटचा दगड सरळ कॅमेऱ्यावर येतो. थेटरात माझ्या मागची रांग त्या क्षणापर्यंत खिदळत होती. मग गप्प झाली. दोन्ही सिनेमे मला लागतात. कुठला कधी लागेल ते मात्र एप्रिल-डिसेंबर बघून ठरत नाही.

गंगावेशकर

मी खरंच फक्त हसवणाऱ्याचा आणि सुधारणाऱ्याचा हिशेब करत होतो. हे डोक्यात आलं नाही. तरी मित्राचं काय करायचं हा प्रश्न राहिलाच. परवा तो मुलगी बघायला जाणार आहे.

नववी गल्ली

मुलीनं त्याला नापसंत करावं म्हणून अंबाबाईला साडी बोललोय.

तालीमवाला

कवीबिवी, आमच्या तालमीत ये. कनसाची कविता म्हन. पोरं ऐकत्यात, ग्वाही माजी.

कवीबिवी

कुठल्या महिन्यात?

तालीमवाला

पाऊस कवा असतोय मर्दा? जुलैत ये.