दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असताना आहार आणि पूरक गोळ्या: काय घ्यावे, काय टाळावे?

फोंड्याची सून (प्रश्न)

नमस्कार. माझ्या सासूबाई सत्तरीच्या घरात असून फोंड्याला आमच्याबरोबर राहतात. गेल्या पावसाळ्यात त्यांना पॉलिमायाल्जिया रुमॅटिका (खांदे आणि कंबर आखडून दुखणारा आजार) असल्याचे निदान झाले आणि तेव्हापासून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड चालू आहे. केस विंचरायला हात वर जात नव्हता, त्या आता स्वतः अंबाडा घालतात, त्यामुळे औषधाविषयी आमची तक्रार नाही. मात्र उपचार वर्ष-दोन वर्षे चालण्याची शक्यता आहे, आणि आताच चेहरा गोल झाला आहे, भूक आवरत नाही, रक्तदाबही वाढला आहे. डॉक्टरांनी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिले आहे. आहाराबद्दल 'मीठ, साखर कमी करा' एवढेच सांगितले. घरात रोज शीतकढी (भात आणि माशांची आमटी), सकाळी पेज आणि तिच्यासोबत खारे बांगडे किंवा लोणचे असते. शेजारच्या काकूंनी 'गोळ्यांची उष्णता' कमी व्हावी म्हणून ज्येष्ठमध आणि गुळवेलीचा काढा सुचवला आहे. तो द्यावा का? नेमके काय बदलावे?

बार्देशकर आहारतज्ज्ञ

ताई, काढ्यापासून सुरुवात करतो, कारण तो आधी थांबवायला हवा. ज्येष्ठमधातील ग्लायसिऱ्हिझिन हे द्रव्य मूत्रपिंडातील एका विकराला (एन्झाइमला) अडवते. त्यामुळे शरीरात मीठ आणि पाणी साठते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते आणि रक्तदाब चढतो. स्टिरॉइडही हेच करत असते. शिवाय ज्येष्ठमधामुळे प्रेडनिसोलोन शरीरात अधिक काळ टिकते, म्हणजे डॉक्टरांनी मोजून दिलेला डोस नकळत वाढतो. सासूबाईंचा रक्तदाब आधीच वाढलेला असताना हा काढा निरुपद्रवी मानता येणार नाही. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते असे मानले जाते, आणि येथे तर ती शांत ठेवण्यासाठीच औषध चालू आहे. त्याखेरीज गुळवेलीनंतर यकृताला इजा झाल्याची प्रकरणे आपल्याच देशातील डॉक्टरांनी नोंदवलेली आहेत. सांधेदुखीवर 'पूर्णपणे वनस्पतिजन्य' म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांपासूनही दूर राहा, कारण अशा पुड्यांत स्टिरॉइडच मिसळलेले सापडल्याची उदाहरणे आहेत.

आता जेवणाकडे वळतो. प्रेडनिसोलोन सकाळी खाल्ल्यानंतर घेतले की त्याचा रक्तातील साखरेवरचा परिणाम दुपारपासून संध्याकाळपर्यंत सर्वाधिक असतो, आणि आपल्याकडे ताटात भाताचा डोंगर नेमका त्याच वेळी असतो. म्हणूनच उपाशीपोटीची साखर व्यवस्थित दिसली तरी निश्चिंत होऊ नये. दुपारच्या जेवणानंतर दोन तासांची साखर तपासून घ्यावी. शीतकढी बंद करण्याची काहीच गरज नाही. भात निम्म्यावर आणावा, त्या जागी भाजी आणि मासळी वाढवावी, आणि चारच्या चहाबरोबर पाव किंवा बिस्किटे न देता मूठभर चणे, उकडलेले अंडे किंवा ताक द्यावे. औषधामुळे लागणारी भूक खोटी नसते. ती दाबायला सांगून माणूस केवळ चिडतो, तेव्हा पोट भरेल पण साखर चढणार नाही असे काही हाताशी ठेवणे बरे.

मिठाच्या बाबतीत मात्र मी कठोरपणे सांगेन. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते, म्हणजे जेमतेम एक चमचा. पेजेबरोबरचा खाऱ्या बांगड्याचा तुकडा, लोणच्याची फोड आणि पापड एवढ्यातच त्यातला मोठा वाटा संपतो. पेज राहू द्या, तोंडीलावणे बदला: भाजलेला ताजा बांगडा, ओल्या नारळाची कमी मिठाची चटणी किंवा मुगाची उसळ. मिठाची उणीव सोलांच्या (सुकवलेल्या कोकमांच्या) आंबटपणाने बरीच भरून निघते, पण बाजारातील सोले बहुधा खारवलेली असतात, म्हणून ती धुऊन घ्यावीत.

प्रथिनांकडे घरोघरी दुर्लक्ष होते. स्टिरॉइडने मांड्यांचे आणि खांद्यांचे स्नायू झिजतात, आणि म्हाताऱ्या माणसाला खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. मूत्रपिंडे निरोगी असतील तर वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने रोज पोटात जावीत. १०० ग्रॅम बांगड्यातून साधारण २० ग्रॅम मिळतात. लहान तारले मऊ शिजवून काट्यासकट खाल्ले तर कॅल्शियमही मिळते. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तिची ताकातली आंबील उत्तम, गूळ घातलेली खीर सध्या नको. शहाळ्याचे पाणी आणि केळी पोटॅशियमसाठी चांगली असली, तरी रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी पोटॅशियम वाढते, म्हणून रक्त तपासल्याशिवाय ती रोज सुरू करू नका.

औषधवाला, मडगाव

वरील उत्तरात गोळ्यांची बाजू जोडतो. कॅल्शियमच्या पाकिटावर 'कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते, आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'मूलद्रव्य कॅल्शियम ५०० मिलिग्रॅम'. हिशेब त्या बारीक अक्षरांचा करायचा असतो. स्टिरॉइड घेणाऱ्या प्रौढांसाठी आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पुरेसे मानतात. स्टिरॉइडमुळे आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते आणि लघवीतून जास्त जाते, म्हणून ते लागते हे खरे. पण एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नीट शोषले जात नाही. कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबरच द्यावी. त्या थायरॉइडची गोळी घेत असतील, तर दोन्हींत चार तासांचे अंतर ठेवा.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० आय. यू.ची पुडी सहसा आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक आठवडे घ्यायची असते. ती रोज घेणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्याने रक्तातील कॅल्शियम घातक पातळीपर्यंत वाढू शकते. कृपया चिठ्ठी पुन्हा वाचा.

हाडांची झीज पहिल्या तीन ते सहा महिन्यांतच सर्वांत वेगाने होते, म्हणून हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीबद्दल आणि हाडांची झीज रोखणाऱ्या अ‍ॅलेंड्रोनेटसारख्या गोळीची गरज आहे का, हे डॉक्टरांना आताच विचारा. या वयात केवळ नाचणी आणि दूध यांवर हाडे सोपवू नयेत.

तिसवाडीची वाचक

एक गोष्ट इतर वाचकांसाठी लिहिणे मला आवश्यक वाटते. मी सार्कॉइडोसिससाठी (फुप्फुसांसारख्या अवयवांत दाहाच्या गाठी होणारा आजार) प्रेडनिसोलोन घेते, आणि या आजारात शरीर स्वतःच क्रियाशील ड जीवनसत्त्व जास्त तयार करू शकते. त्यामुळे माझ्या डॉक्टरांनी रक्तातील आणि लघवीतील कॅल्शियम तपासल्याखेरीज कॅल्शियमची किंवा ड जीवनसत्त्वाची एकही गोळी घेऊ दिली नाही. 'स्टिरॉइड म्हणजे कॅल्शियम' हा नियम सर्वांना सरसकट लागू नाही. आजार कोणता आहे ते आधी पाहावे.

फोंड्याची सून

सर्वांचे मनापासून आभार. काढा देणार नाही, आणि पुडीची चिठ्ठी पाहिली, आठवड्यातून एकदाच लिहिली आहे. आता श्रावण जवळ आला आहे. सासूबाई महिनाभर मासळी खात नाहीत आणि सोमवारी उपास करतात. उपासाच्या दिवशी 'एक दिवस गोळी नाही घेतली तर काय होते' असे त्या म्हणतात.

बार्देशकर आहारतज्ज्ञ

त्यांना हे शांतपणे पण स्पष्ट सांगा की इतके महिने बाहेरून स्टिरॉइड मिळत असल्याने शरीराने स्वतःचे कॉर्टिसॉल (नैसर्गिक स्टिरॉइड) तयार करणे कमी केलेले असते, आणि गोळी अचानक थांबली तर गळून जाणे, उलट्या होणे, रक्तदाब एकदम खाली येणे असे गंभीर प्रकार घडू शकतात. उपास असो वा नसो, गोळी त्याच वेळी जायला हवी. उलट्यांमुळे ती पोटात टिकत नसेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा.

सोमवारी सकाळी दूध आणि थोडे शेंगदाणे खाऊन गोळी घेता येईल; दोन्ही उपासाला चालतात. दुपारी साबुदाण्याची खिचडी टाळा, कारण ती जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे आणि साखर चढण्याच्या वेळीच पोटात जाते. त्याऐवजी दही आणि सुरणाची भाजी द्या. महिन्यातील इतर दिवशी मासळीची जागा अळसांदे (चवळीचाच एक प्रकार), मूग आणि पनीर घेतील. एक वाटी शिजलेल्या कडधान्यातून बांगड्याच्या निम्म्याहूनही कमी प्रथिने मिळतात, म्हणून दोन्ही जेवणांत वाढायला विसरू नका.