मदत हवी आहे: बाबासाहेबांचं डू बॉइस यांना लिहिलेलं पत्र मराठीत कुठे मिळेल?

नमस्कार. मी नववीला इतिहास शिकवते. परवा अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरातला बस बहिष्कार सांगत होते. १ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडली नाही, त्यांना अटक झाली. मग तिथले कृष्णवर्णीय ३८१ दिवस बसमध्ये चढलेच नाहीत, कित्येक जण कामाला पायी गेले.

मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "बाई, माझ्या पणजीला गावच्या विहिरीवर जाऊ देत नव्हते. तेही हेच ना?" वर्ग गप्प झाला. मला नीट उत्तर देता आलं नाही, ते अजून टोचतंय.

१९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या, आणि अस्पृश्यांची स्थिती त्यांच्याशी किती मिळतीजुळती आहे, हेही त्यात आहे. (जोतीरावांनी तर 'गुलामगिरी' १८७३ मध्येच अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली.)

या पत्राचा मराठी अनुवाद कुणाकडे आहे का? आणि त्या मुलीवर सगळ्यांच्या नजरा न खिळता वर्गात हे कसं बोलावं? शिक्षकांनी अनुभव जरूर सांगा. सोमवारी तास आहे.