कर की दुसरी शिक्षा?

बेकायदा मालावर कर लावला म्हणजे सरकारने तो मान्यच केला, असं काही जण म्हणतात. मला तसं वाटत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात गांजा बाळगणं गुन्हा आहे, तरी तिथलं महसूल खातं त्यासाठी कराची तिकिटं (कर भरल्याची खूण म्हणून मालावर लावायची) विकतं. घेणाऱ्याला नावही सांगावं लागत नाही. पण गांजाचे विक्रेते तिकिटं घेत नाहीत (घेतात ते बहुतेक संग्राहक). खरी वसुली होते ती माणूस पकडला गेल्यावर, दंडासकट. नॉर्थ कॅरोलिना राज्यात तर वसुलीतला 75 टक्के वाटा तपास करणाऱ्या पोलीस यंत्रणेला मिळतो. मला सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

मोंटाना राज्यातल्या, गांजा पिकवणाऱ्या एका शेतकरी कुटुंबाचा खटला वाचाच. त्यांना शिक्षा झाली होती, माल जप्त करून नष्टही केला होता, आणि त्याच मालावर पुन्हा कर मागितला. काही मालावर तर बाजारभावाच्या आठपट! 1994 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी ठरवलं, की ही एकाच गुन्ह्याची दुसरी शिक्षा आहे. टेनेसी राज्याचा असाच कर 2009 मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.