आयरिश दुष्काळाच्या गावकथा: इतिहास की भाकडकथा?

माळरान: काल इथे एकाने ठोकून दिलं की आयर्लंडच्या बटाटा दुष्काळाच्या गावोगावच्या आठवणी म्हणजे म्हाताऱ्यांच्या भाकडकथा, खरा इतिहास लंडनच्या दप्तरात. डोकंच फिरलं. 1845 ते 1852 या काळात दहा लाख माणसं मेली, तेवढीच देशोधडीला लागली. मेलेल्यांत निरक्षर, आयरिश बोलणारे गरीबच जास्त. ते काय डायऱ्या लिहिणार? आणि दप्तर कुणाचं, तर दुष्काळी मदतीची सूत्रं हाती असलेल्या लंडनच्या अधिकाऱ्याचं, ट्रेव्हेलियनचं. आधी कलकत्त्यात कंपनीचा नोकर, पुढे मद्रासचा गव्हर्नर. भारी निःपक्ष माणूस!

फटकळ: तो 'एकाने' म्हणजे मीच. व्हिक्टोरिया राणीने फक्त पाच पौंड दिले, असं तिथे पिढ्यान् पिढ्या सांगतात. दिले होते 2000. बोला.

माळरान: व्वा, काय ते औदार्य! आरती ओवाळू?

डब्लिनकर: पाच पौंड सोडा, सूपचं बोला. माझ्यासोबत काम करणाऱ्या, आयर्लंडच्या मेयो परगण्यातल्या बाई आजही एका घराण्याचं नाव निघालं की आवाज खाली आणतात: "त्यांनी सूप घेतलं होतं." म्हणजे सूपसाठी धर्म बदलला. पावणेदोनशे वर्षं झाली, डाग जात नाही.

फटकळ: बघा! क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी कुणाचा धर्म न विचारता कढयांवर कढया सूप वाटलं. ते कुणाला आठवतं?

डब्लिनकर: आठवतं. क्वेकरांबद्दल तिथे चांगलंच बोलतात. अर्धवट वाचून पिंका टाकू नका.

फटकळ: पिंका? तुम्ही ऑफिसातल्या गप्पांवर इतिहास रचताय!

शेवग्याची_शेंग: दोघेही सूपात बुडालात. 1945 मध्ये आयर्लंडच्या लोकसाहित्य आयोगाने प्रश्नावली काढून गावोगावच्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं. त्यात तळ उघडणारी शवपेटी आहे: प्रेत खड्ड्यात सोडायचं, पेटी पुढच्यासाठी परत. पण बहुतेक कथांत मेलं कोण? पलीकडच्या गावचे, वाटसरू. आपल्या घरचं कुणीच नाही. आणि शेजाऱ्याची जमीन पडत्या भावात कुणी लाटली, तिथे सगळे गप्प.

माळरान: पटलं. पण ते गप्प बसणंसुद्धा दप्तरात सापडत नाही.

फटकळ: बरं बाबा, प्रश्नावली कामाची, मान्य. शवपेटीही मान्य. पाच पौंड मात्र खोटेच!

डब्लिनकर: आणि पिंका?